पारोशी दुर्बीण

अमरावतीचे दिनकरगुरुजी दुर्बिणीला धोतर नेसवतात, असं मला कुणीतरी सांगितलं तेव्हा मी ती थट्टा समजलो होतो. भातकुलीकडे त्यांच्या एका यजमानांचं वावर आहे. एका रविवारी दिवस उगवायच्या बेताला तिथे पोहोचलो, तर विहिरीजवळच्या ओट्यावर मांडीएवढी जाड दुर्बीण आभाळाकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या तोंडावर खरोखरच धुवट पांढरं धोतर ताणून बांधलेलं होतं. शेजारी गुरुजी. नुकतीच आंघोळ झालेली, कपाळाला गंध, मांडीवर लॅपटॉप. नमस्कार वगैरे काही नाही, थेट म्हणाले, "सर, जरा सरकून उभे राहा. तुमची सावली पडून राहिली."

लग्न, मुंज, वास्तुशांत यांत त्यांचं आयुष्य गेलं. पंचांगात लिहिलेले ग्रह खरोखर तिथे असतात का ते पाहावं, म्हणून उतारवयात त्यांनी दुर्बीण घेतली आणि मग ग्रह राहिले बाजूला, फोटोंचं वेड लागलं. मी अकोल्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एका ग्रहणाच्या कार्यक्रमात त्यांनी मला प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि त्यांच्या मुलाच्या वयाचा असूनही मी कायमचा त्यांचा 'सर' झालो. अकोल्याच्या उन्हावरून ते मला टोमणे मारत. माझं गणित चुकलं की आधी माझ्या गावाचं तापमान विचारत.

त्यांच्या स्वच्छतेविषयी मात्र थट्टा चालत नसे. पळी, ताम्हन, चष्मा, लॅपटॉपचा पडदा, सगळं हातात घेण्याआधी पुसलं जायचं. "पुसल्याबिगर हाती धरू नये, अन इचारल्याबिगर मानू नये," असं ते म्हणत, आणि दोन्ही नियम सारख्याच कडकपणे पाळत. दुसऱ्या नियमामुळे यजमान वैतागायचे, पहिल्यामुळे शांताकाकू.

शांताकाकू म्हणजे त्यांची बायको. त्या काळात काकूंची नजर जात चालली होती. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. समोरच्या माणसाकडे पाहिलं की त्याचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. दाराची उभी चौकट वाकडी दिसे. कडेची नजर टिकेल, मधलीचं मात्र सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. गुरुजी घरी येऊन देवयानी दीर्घिकेची वर्णनं करत, तेव्हा काकू एकदा म्हणाल्या की वर्णन पुरे, एकदा दाखवा. दुर्बिणीच्या इवल्याशा भोकातून त्यांना दिसणं शक्य नव्हतं. म्हणून गुरुजींनी ठरवलं, देवयानीचा मोठा, स्वच्छ फोटो काढायचा, आणि काकूंना दिसतंय तोवर काढायचा.

अडचण तिथेच होती. रात्रीच्या फोटोत आकाशाबरोबर दुर्बिणीचे दोषही उतरतात. कडा काळपट येतात, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर धुळीचा कण असेल तर त्याची गोल काळी सावली पडते. त्यावर इलाज असा की पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड बांधून नुसत्या उजेडाचा फोटो घ्यायचा. त्याला 'फ्लॅट' म्हणतात. त्यात दोष तेवढे दिसतात, आणि मग कॉम्प्युटर रात्रीच्या फोटोतून ते काढून टाकतो. गुरुजींच्या फोटोतून मात्र वर्तुळं जात नव्हती. उलट काळ्या वर्तुळांशेजारी नवी पांढरी उगवायची.

आम्ही सगळं करून पाहिलं. धोतराचा काठ मधे येत असेल म्हणून बिनकाठाचं आणलं. चुणी पडत असेल म्हणून इस्त्री केली. उजेड कमीजास्त करून पाहिला. कॅमेरा काढून पुन्हा बसवताना फिरत असेल म्हणून मी जोडावर स्केचपेनची रेघ मारली. गुरुजी ती रेघ इतक्या निष्ठेने जुळवत की तिथे शंकेला जागाच उरली नाही. कापूस वेचणीचे दिवस, वावरात धूळ उडत होती. तिकडे काकूंनी वर्तमानपत्र वाचणं सोडलं होतं. गुरुजी मला फोनवर वर्तुळांबद्दल सांगत, काकूंबद्दल काही बोलत नसत. मी समजून घेत असे.

शेवटी मीच सुचवलं की कॉम्प्युटरवर ती वर्तुळं पुसून आजूबाजूचा रंग तिथे भरता येतो, कुणाला कळणारही नाही. गुरुजींनी लॅपटॉप मिटला. "त्या वर्तुळाखाली काय हाय, तुमाले माहीत हाय काय? मले बी नाई. मंग तिथी रंग भरणारे आपण कोन?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "तिचा डोया तिले खोटं दाखवून राहिला, सर. आता मी बी दाखवू काय?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पुढच्याच खेपेची गोष्ट. उजाडत होतं. मी ओट्यावर चहा पीत होतो. गुरुजी आंघोळ करून आले, कॅमेरा सोडवून त्याची काच मऊ कापडाने पुसू लागले. मी हे दर वेळी पाहिलं होतं, पण गुरुजी काहीतरी पुसत आहेत यात लक्ष देण्यासारखं काय होतं? पुसता पुसता त्यांचा हात थांबला. कापडाकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि ते मटकन ओट्यावर बसले.

"सर, चोराले न्हाऊमाखू घालून मंग ओळखपरेड करून राहिलो आपण."

रात्री काचेवर जी धूळ होती तिची सावली फोटोत होती, आणि सकाळी तीच धूळ पुसून आम्ही तिचा माग काढत होतो. फडक्याने सरकलेले कण नव्या जागी बसायचे, रात्रीच्या फोटोत तिथे नसलेला डाग कॉम्प्युटर काढायला जायचा आणि पांढरी वर्तुळं यायची. अशी चूक फक्त गुरुजींच्याच हातून होऊ शकते. पोटात दुखेपर्यंत मी हसलो. ते हसले नाहीत. चूक सापडली होती, पण आता दुर्बीण रात्रीची तशीच, न पुसता, ठेवायची होती, आणि हे त्यांना खरोखर जड जात होतं.

पुढची रात्र संपली. पहाटे गुरुजी दुर्बिणीजवळ हात मागे बांधून उभे होते. पाणी तापलं होतं, तरी आंघोळीला गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "तिले पारोशी ठेवून मी आंग धुवू, हे बराबर नाई." सगळे फ्लॅट होईपर्यंत ते तसेच बिनआंघोळीचे राहिले. संध्या उशिरा झाली. फोटोत एकही वर्तुळ उरलं नाही.

गुरुजी गेल्या उन्हाळ्यात गेले. आजारपण नाही, काही नाही. दुपारी पडले ते उठलेच नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. कुठलीही गोष्ट पटकन मान्य करायला लागलो की त्यांचा मिटलेला लॅपटॉप आठवतो. पण त्याहून जास्त आठवते ती दुपार, फोटो छापून आणला तेव्हाची.

काकूंनी तो खिडकीजवळ नेऊन समोर धरला आणि कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "मधात काहीच दिसत नाई."

गुरुजींचा चेहरा उतरला. मी जमिनीकडे पाहू लागलो. काकू शांतपणे म्हणाल्या, "तो माह्या डोयाचा डाग हाय. मी त्याले ओयखतो. दुसरा कोनता डाग नाई तुमच्या फोटोत."

गुरुजी त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. "सरळ नको पाहू," ते म्हणाले. "काठाकडे पाह्य, अन ध्यान मधात ठेव. आमी आबायात असंच पाह्यतो." ते खरंच होतं. फिकट तारा थेट पाहिला की हरवतो, नजर किंचित बाजूला नेली की दिसतो. दुर्बिणीवाले सगळे तसंच पाहतात.

काकूंनी नजर फोटोवरून खिडकीच्या गजांकडे नेली आणि तिथेच ठेवली.

"आली," त्या म्हणाल्या. "तुमी सांगत होते त्याच्याहून मोठी हाय."