फिर्याद खुनाची, माणूस रूपोश

पेन्शनीत इतकी वर्षं गेली, तरी ठाणाकुशनूरकडची ती केस मनातून जात नाही. निजामी अमदानीत मी तिथे अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार होतो.

एक शेतकरी नाहीसा झाला. विहिरीच्या काठावर त्याचा पटका आणि जोडे सापडले. गळ टाकून पाहिले, पण प्रेत मिळाले नाही. थोरल्या भावाने खुनाची फिर्याद दिली. संशय बायकोवर आणि शेजारच्या तरुण शेतकऱ्यावर. शेजाऱ्याला कोठडीत घातले. बाईने कुंकू पुसले नव्हते, म्हणून गाव तिला शिव्या देत होते.

जबाबात ती म्हणाली, "त्यो मेला न्हाई, साहेब. म्या कुणाशी बोलले की आधीबी लपून बघायचा. आताबी कुठून तरी बघायलाय."

मी रोजनामच्यात 'रूपोश' लिहिले. मुन्शी हसला. "साहेब, रूपोश फरारी आरोपीला म्हणतात. ह्यानं काय गुन्हा केलाय?"

मूळ अर्थ तोंड झाकलेला, एवढाच. मी शब्द बदलला नाही.

मग खबर आली. गाणगापूरहून परतलेला एक व्यापारी सांगू लागला, की तिथला एक गोसावी आपल्याकडच्या यात्रेकरूंना गाठून त्याच बाईची चौकशी करतो. शेजारी अजून कोठडीत आहे ना, हेही विचारतो.

साध्या कपड्यांत जमादाराला घेऊन गेलो. राख फासलेला, दाढी वाढलेला माणूस. नाव-गाव विचारले, तर हिंदीत काशीच्या गुरूच्या गोष्टी. मी जोर केला नाही. त्याच्या जवळच बसून जमादाराला म्हणालो, "कुशनूरचा तो कैदी सुटला म्हणे. त्या बाईशी पाट लावायलाय."

गोसावी ताडकन उठला. "कामून? तिचा नवरा जित्ता हाय! म्या जित्ता हाय की!"

शेजाऱ्याला सोडले. ठाण्यात नवरा-बायको समोरासमोर आले. ती पार सुकली होती. त्याचा पहिला प्रश्न, "त्याच्याशी बोललीस का?"

"तुमच्यापायी त्यो कोठडीत होता," ती म्हणाली. "म्या मेहकरला जायलेय, माहेरी."

ती बापाबरोबर निघून गेली. वळून पाहिलेही नाही. मेल्याचा खोटा देखावा रचल्याबद्दल बेड्या घालताना त्याने मला हळूच विचारले, "साहेब, मेहकरात तिच्या बाजूच्या घरात कोण ऱ्हातंय?"

पुढे बेपत्ता माणसाची फिर्याद आली, की त्याचे वैरी कोण, हे मी नंतर विचारी. तो कुणावर पाळत ठेवायचा, हे आधी.