गाय दोहण्याइतका वेळ

दुपारचे वैश्वदेव आटोपले की गुरुजी सोवळ्यातच दाराशी येऊन उभे राहत, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहत आणि विचारीत, "कोणी जेवायचे राहिले आहे काय?" दुर्गाघाटाच्या त्या अरुंद गल्लीत उत्तरादाखल बहुधा एखादा सांड तेवढा मान हलवी.

एक गाय दोहायला लागेल तितका वेळ गृहस्थाने अतिथीची वाट पाहावी आणि मगच पानावर बसावे, असे शास्त्र सांगते. आम्ही सारेच ते शिकलो होतो. पाळणारे गुरुजी एकटे. मी समोरच्या घरात राहत असे आणि पौरोहित्यात त्यांच्या हाताखाली असे, म्हणून हे रोज पाहत आलो. आपणही अशी माणसे पाहिली असतील. ती नियम पाळतात की नियमावर प्रेम करतात, हे सांगता येत नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत तारायंत्रावर होता. महायुद्धात तो मलायाकडे गेला आणि सिंगापूर पडल्यावर सरकारी कागद आला, की तो बेपत्ता आहे, बहुधा जपान्यांच्या कैदेत असावा. त्या दिवसापासून गुरुजींची दुपारची वाट लांबत चालली. आत आमटी निवे. कोपऱ्यावरचा गवळी हसून म्हणे, "पंडितजी, आपकी गइया बहुत दूध देत हौ." गुरुजीही हसत आणि आणखी थोडे उभे राहत.

पुढे त्याच पलटणीतून निसटून आलेला एक शिपाई घरी आला. कैद्यांच्या हातून नदीवर पूल बांधून घेत असताना मुलगा वाहून गेलेला आपण पाहिला, असे त्याने सांगितले. नक्की तोच होता का, असे विचारल्यावर मात्र, पाऊस फार होता, म्हणाला.

गुरुजींनी विचार केला आणि पळसाच्या पानांचा मुलाच्या नावाचा पुतळा करून मणिकर्णिकेवर स्वहस्ते दहन केले. मी मंत्र सांगत होतो. त्यांचा स्वर माझ्यापेक्षा स्थिर होता. परतताना एवढेच म्हणाले, "तो असला तर हे परत फिरवता येते. नसला आणि आपण केले नाही, तर उपाशी राहील. दोन्हीकडची सोय असावी."

सुनेच्या कुंकवाला मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. ब्रह्मघाटावरची मंडळी जाब विचारायला आली, की मुलाला अग्नी देता आणि सून हळदीकुंकवाला जाते, हे कोणते शास्त्र? गुरुजींनी त्यांना बसायला पाट दिले आणि सांगितले, "अग्नी मी दिला, शंका असली तर माझी. तिला शंका नाही." मंडळी पन्हे पिऊन परत गेली.

युद्ध संपले. एका दुपारी मी माझ्या ओट्यावर बसलो होतो. गुरुजींनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि घाटाकडून वर येणारा एक दाढीवाला, हाडांचा सापळा झालेला माणूस म्हणाला, "मी राहिलोय, अप्पा."

गुरुजींनी चौकट धरली. मुलगा पाया पडायला वाकला तसे ते एक पाऊल मागे सरले. मला त्यांची अडचण उमगली. ज्याची उत्तरक्रिया झाली, त्याला पुन्हा जातकर्मापासून संस्कार झाल्याखेरीज मुलगा म्हणून घरात घेता येत नाही. आणि तो तर उपाशी, समोर उभा.

मग गुरुजींचा चेहरा उजळला.

"नाव सांगू नका," ते मुलाला म्हणाले. "अतिथीला नाव-गोत्र विचारीत नाहीत. पाय धुवा आणि पानावर बसा."

आतून काकू, गुरुजींच्या पत्नी, पळी घेऊनच धावत आल्या. रडता रडता म्हणाल्या, "अतिथींना आमटी जास्त लागते, मला माहीत आहे." गुरुजी स्वतः वाढायला वाकले, अर्धा भात पानावर आणि अर्धा जमिनीवर पडला. मुलगा खाली मान घालून जेवत होता. सुनेने न विचारता त्याच्या पानात लिंबाची आणखी एक फोड ठेवली.

पुढचे दिवस आमच्या गल्लीला सण होते. पुनर्जन्मासाठी तुपाच्या कुंभात बुडवावे लागते; रेशनच्या काळात एवढे तूप कोठले? घरोघरीच्या बायकांनी वाटी-वाटी आणून दिले. तेवढ्या तुपात जेमतेम अंगाला चोपडून झाले. गवळी दारातून म्हणाला, "ई बालक त दाढी लेके जनमल हौ." बारशाला आत्याने त्या तिशीच्या बाळाच्या कानात नाव सांगून 'कुर्र' केले आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले, की ती आठवडाभर कुशीवर झोपली. मग मुंज. मग लग्न, त्याच वधूशी.

गुरुजींनी सुनेला रीतसर विचारले, की स्थळ पसंत आहे ना.

"मुलगा काय करतो?" ती म्हणाली. "मागच्या खेपेला फौजेत होता. परत जाणार असेल तर विचार करून सांगते."

गुरुजी इतके हसले, की मंगलाष्टके मला एकट्याला म्हणावी लागली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पिकल्या वयात गुरुजी गेले. मुलाने मणिकर्णिकेवर सारे यथासांग केले. दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी मी जेवून, पान खाऊन त्या गल्लीतून चाललो होतो. मुलगा सोवळ्यात दाराशी उभा होता. त्याने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. मग थोडे अडखळत विचारले, "कोणी जेवायचे राहिले आहे काय?"

मी पान थुंकले, चूळ भरली आणि नाव न सांगता पाय धुवायला गेलो.