चंदाबाईनं नापास केलेला सिनेमा

इंटरव्हल व्हायच्या आधीच चंदाबाईनं सिनेमा नापास करून टाकला होता.

"भाऊ, एवढ्या खिडक्या, अन् एकबी बाई बाहेर पाहून नाही राह्यली? कोनतं गाव हाय हे?"

पुढच्या रांगेतलं जोडपं वळून बघायला लागलं. मी म्हणालो, "मावशी, हळू बोला." ती म्हणाली, "हळूच बोलून राह्यली. हे त बंदुका फोडून राह्यले, त्याईले कोनी हळू म्हनत नाही."

वाशीमच्या एका टॉकीजात आम्ही बसलो होतो. पडद्यावर एक परदेशी शहर होतं, हिंदीतून बोलणारं. सगळं काळं-पांढरं, फक्त एका बाईचे हातमोजे तेवढे हिरवेगार. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रक्त डांबरासारखं काळं. मारामारी रंगात आली की चित्र जागीच गोठायचं, पडद्यावर चौकटी पडायच्या आणि त्यांत मोठी अक्षरं उमटायची, कारण मूळ गोष्ट कॉमिक्समधली, चित्रांच्या पुस्तकातली. बाहेर पोस्टरवर तसं लिहिलेलंच होतं. मला सिनेमा आवडून राहिला होता, खोटं कशाला बोलू? पण आम्ही करमणुकीला आलोच नव्हतो. आम्ही लपायला आलो होतो. जेवणाच्या सुट्टीनंतर चंदाबाईची कोर्टात साक्ष होती, आणि ती होऊ नये म्हणून तिचा अर्धा तांडा कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसला होता.

चंदाबाई म्हणजे शेलूबाजारच्या जीप स्टँडवर टोपली घेऊन बसणारी बाई. हंगाम असेल ते विकते. बोरं, सीताफळं, भाजलेल्या शेंगा. पन्नाशी उलटलेली. नवरा ऊसतोडीच्या एका हंगामात तिकडेच वारला, मागे एक पोरगी, निता. सिनेमाचं वेड चंदाबाईला ऊसतोडीनंच लावलं. लहानपणी आईबापाबरोबर कारखान्याच्या गावाला जायची, तिथल्या जत्रेत तंबूतले सिनेमे यायचे. पडद्यासमोर बसायला तिकीट लागायचं. मागच्या बाजूनं बघणाऱ्याला कोणी हटकायचं नाही. मग ही मागून बघायची.

"माह्यासाठी सारे हिरो डावखुरे," हे ती स्टँडवर नव्या माणसाला हमखास सांगते. "अन् मागून पाहाचा एक फायदा हाय बरं. पडद्याखालून तिकीटवाले दिसते. कोन रडून राह्यलं, कोन कोनाचं पाकीट मारून राह्यलं, सारं. त्याच पैशात दोन सिनेमे."

"पण मावशी, तुम्ही तर पैसेच दिले नव्हते."

"म्हनून त दोन परवडले!"

माणसं बघायची ही सवय तिची गेली नाही. आणि तिथंच ती अडकली.

गेल्या वर्षी भर दुपारी स्टँडवर भांडण झालं. तिथं जीपा नंबरानं भरतात. पुढची भरून सुटल्याशिवाय मागच्यानं सीट घ्यायची नाही. नवीन नावाच्या पोरानं नंबर मोडून एका तापानं फणफणलेल्या म्हातारीला आपल्या गाडीत बसवलं आणि गाडी काढली. तो परत आला तेव्हा ज्याचा नंबर मोडला तो किशन वाट बघतच होता. शिवीगाळ झाली, कॉलर धरली, आणि किशननं सीटखालून टामी काढली. टामी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा. ती नवीनच्या डोक्यात बसली. नवीन मेला नाही. बाजेवर आहे. आई रुपाबाई घास भरवते तेव्हा गिळतो, पण आईला ओळखतो की नाही, सांगता येत नाही. त्यामुळे कोर्टात तो काय सांगणार?

बघणारे चिक्कार होते. पोलिसांनी तिघांचे जबाब घेतले. कोर्टात पहिला म्हणाला, मी लघवीला गेलो होतो. दुसरा म्हणाला, मी गाडीत झोपलो होतो. स्टँडवरच्या गलक्यात झोपणारा असा माणूस मला अजून भेटायचा आहे. दोघं फितूर झाल्यावर उरली एकटी चंदाबाई.

नवीन, किशन आणि चंदाबाई, तिघांची घरं एकाच तांड्यातली. किशन हा तांड्याचा नाईक दौलतसिंग याचा सख्खा पुतण्या. त्या तांड्याची एक रीत आहे. तंटा मिटला की नाईक परातीतून गूळ फिरवतो. ज्यानं खाल्ला त्याच्या तोंडून तो विषय पुन्हा निघायचा नाही. निघाला तर त्या घराशी साऱ्यांचं येणंजाणं बंद. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी दौलतसिंगनं बैठक बोलावली, परात फिरवली. रुपाबाईनं रडत रडत गूळ खाल्ला. नवीनला दवाखान्यात न्यायला बाज उचलणारी माणसं तांड्यातलीच लागणार होती. ती तरी काय करणार? परात चंदाबाईपुढे आली. तिनं खडा उचलला, पदर तोंडाशी नेला, मान वळवली. सगळ्यांना वाटलं, खाल्ला.

तिनं तो पदराच्या गाठीत बांधला होता.

"खाल्ला नाही अन् फेकलाबी नाही," ती मला म्हणाली होती. "फेकाची छाती नव्हती, भाऊ."

त्या दिवशी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात दौलतसिंग तिच्या शेजारी येऊन बसला. माणूस आडदांड नाही. पांढरा फेटा, हळू आवाज. तांड्यातल्या निम्म्या पोरींची लग्नं त्यानंच जमवलेली. नितालाही त्यानंच केनवडकडे आपल्या बहिणीच्या घरी दिली होती.

"चंदा, तू माही बहीनच हायेस," तो म्हणाला. "निता सुखात हाय. तिले सुखातच राहू दे. बस, अजून काही नाही."

माझं डोकं सटकलं. मी वकील नाही, साधा कार्यकर्ता; पण कायद्याची पुस्तकं मी रद्दीतून किलोच्या भावानं आणून वाचली आहेत, त्यामुळे कलमं माझ्या तोंडावर असतात. मी ओरडलो, "साक्षीदारावर दबाव टाकणं हा गुन्हा आहे, नाईक! आत्ता साहेबांसमोर उभा करीन!"

"भागवत, तू चहा पे," दौलतसिंग म्हणाला. "घसा सुकला असन तुहा."

सगळे हसले. शिपाईसुद्धा. तेवढ्यात आतून निरोप आला, साक्ष दुपारी घेऊ. मी चंदाबाईचा हात धरला आणि तिला सरळ टॉकीजात आणून बसवलं. म्हटलं, इथं तरी कोणी यायचं नाही.

सिनेमात एक न्हावी होता, एका कानाचा. त्याच्या बायकोला कोणीतरी मारलेलं असतं आणि मारणाऱ्याचे फक्त पांढरे बूट दिसतात. चेहरा कायम सावलीत. न्हावी जिने चढतो, जिने उतरतो, आणि मनातल्या मनात बोलत राहतो.

"कायले एवढा बोलते हा? अन् बोलते त कोनाले सांगत काहून नाही?"

"मावशी, ही पद्धत आहे. चित्रांच्या पुस्तकात असंच असतं. सगळं सजवून दाखवायचं."

"सजवलं चांगलं हाय, मी नाही कुठी म्हनते? फोटो लय चांगले काढले. पन या गावात कोनी जेवत नाही काय? घंटा झाला, एकानं घास नाही तोंडात घातला. नुसतं धुराटं."

मी हसलो. ती हसली नाही. अंधारात ती पदर झटकत होती. गुळाच्या गाठीला मुंग्या लागल्या होत्या.

इंटरव्हलचे दिवे लागले आणि मी बाहेर जायला उठलो, तर दारात करण उभा. किशनचा धाकटा भाऊ. हातात मक्याच्या लाह्यांची पुडी. दुसरं दार बघितलं, त्याला कुलूप होतं. मी खाली बसलो. करण आरामात चालत आला, आमच्या मागच्याच रांगेत टेकला आणि फोन पुढे केला.

"काकी, निताचा फोन हाय."

दिवे गेले. चंदाबाईनं फोन कानाला लावला. पडद्यावर गोळ्या सुटत होत्या, तरी निताचा आवाज मला ऐकू येत होता. ती रडत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तशी बोलत होती.

"आई, सासूबाई बाजूले बसल्या हायेत. पोरगं आत्ताच झोपलं. तू बोललीस त मले आजच घेऊन जा म्हन्तेत. आई, नवीन काही उठून बसनार हाय का? माह्या घराचं वाटोळं नको करू."

"जेवलीस काय?" चंदाबाईनं विचारलं.

फोन बंद झाला. तिनं तो न वळता मागं दिला.

मी करणवर धावून जाणार होतो. तिनं माझ्या मनगटाला धरलं आणि सोडलंच नाही. सिनेमा संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, माझं मनगट घट्ट धरून. मागून करणच्या लाह्या खाण्याचा आवाज. पुढे पाऊस. मी आयुष्यात मोर्चे काढले, लॉकअपमध्ये राहिलो, पण त्या खुर्चीत जशी गत झाली तशी माझी कुठे झाली नाही. आणि मी तर नुसता शेजारी बसलेला. अडकलेली ती होती. बोलली तर स्वतःची पोरगी जाते, नाही बोलली तर नवीनच्या बाजेसमोरून रोज टोपली घेऊन जायचं.

शेवटी न्हावी एकटाच पांढऱ्या बुटांच्या हवेलीत शिरतो आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेकाला आडवं करत वर जातो. प्रत्येक जण पडताना चित्र गोठतं. काळं रक्त नक्षीसारखं पसरतं. पुढचं जोडपं शिट्ट्या मारत होतं.

"पाहा," चंदाबाई म्हणाली. "साऱ्या गावानं पाह्यलं अन् कोनी बोललं नाही. म्हनून याले एकल्याले मारत सुटा लागून राह्यलं. एक बाई खिडकीतून बोलली असती त अर्ध्या घंट्यात सिनेमा खतम."

"मग तिकिटं कोण काढेल, मावशी?"

"तेच त." आता ती हसली, पण आवाज न करता. "एकदम फालतू हाय. उठ."

व्हरांड्यात सगळे तसेच बसले होते. पुकारा झाला. चंदाबाई आत जायच्या आधी दौलतसिंगपुढे थांबली. पदराची गाठ सुटेना, तेव्हा दातानं सोडवली. गूळ लुगड्याला चिकटून बसला होता. तिनं तो नखानं खरवडून काढला, मुंग्यांसकट, आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"दादा, तुमची वस्तू माह्यापाशी राह्यली होती."

दौलतसिंग हाताकडे बघत राहिला.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती कठड्याएवढीच दिसत होती. सरकारी वकिलानं विचारलं, तिनं सगळं सांगितलं. कोणी मारलं, कशानं मारलं. मग किशनचा वकील उठला. त्याच्या कानात करण मघाशीच काहीतरी बोलून गेला होता.

"बाई, तुम्हाला सिनेमाचा नाद आहे म्हणतात. आजसुद्धा सिनेमा बघूनच आलात?"

"हो."

"खुनाखुनीचा?"

"हो साहेब."

"म्हणजे टामी, रक्त, डोकं, हे सगळं तिथलंच डोक्यात भरलंय. खरं ना?"

चंदाबाईनं पदर खांद्यावर सारखा केला.

"साहेब, त्या सिनेमात मारनाऱ्याचं तोंड सावलीत ठेवलं हाय. इथं भर दुपार होती. छत्री मी बोरावर धरली होती, किशनच्या तोंडावर नव्हती. त्या सिनेमात मानूस एकदाच पडते, अन् देखना पडते. नवीन पडला तवा त्याचा पाय लय वेळ हालून राह्यला होता. त्याची चप्पल उडून माह्या टोपलीत आली. ते बोरं मी मंग विकले नाही. हे कोनत्या सिनेमात दाखवलं ते सांगा, मी जाऊन पाहाते."

वकील म्हणाला, "अजून काही विचारायचं नाही." न्यायाधीशांनी सगळं लिहून घेतलं. किशन खाली बघत होता.

इथं गोष्ट संपवली असती तर माझ्यासारख्या माणसाला बरंच वाटलं असतं. पण निकाल अजून लागायचा आहे, आणि चंदाबाईला रोज शेलूबाजारला जायचं आहे. स्टँडवर आता तिला एकही जीप बसवत नाही. गाडी रिकामी असली तरी "भरली" म्हणतात. ती टोपली डोक्यावर घेऊन पायी जाते, पायी येते. रुपाबाई बोलत नाही. गूळ खाल्लेला आहे. पण सकाळी चंदाबाईच्या दाराशी पाण्याची घागर भरून ठेवलेली असते. ती कोण ठेवतं हे चंदाबाईनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

साक्षीनंतर तिसऱ्या दिवशी सासरच्यांनी निताला आणून सोडलं. मी चंदाबाईच्या घरी पोहोचलो तेव्हा निता भिंतीकडे तोंड करून बसली होती, पोरगं मांडीत. चंदाबाईनं भाकर, पिठलं, कांदा, सगळं वाढून ताट पुढे सरकवलं होतं. निता हलत नव्हती.

मी सुरू झालो. "निता, तुझ्या आईनं काय केलं ते तुला समजतं का? अख्ख्या तालुक्यात अशी बाई नाही. आणि कायदा आहे आपल्या बाजूनं. नांदवत नाहीत म्हणजे काय? मी आणतो त्यांना वठणीवर..."

"भाऊ," चंदाबाई म्हणाली, "तू जाय आता."

"मावशी, मी फक्त..."

"तू चांगला हायेस. पन तू इथं असेपर्यंत हे पोरगी घास नाही उचलनार. दोन दिसांची उपाशी हाय. जाय."

राग आला. कोणावर ते कळलं नाही. मी अंगणात येऊन चप्पल घातली. दारातून आतलं दिसत होतं. दोघींच्या मध्ये ताट होतं, आणि त्याला कोणीच हात लावत नव्हतं.