गादीतला खड्डा

दारव्ह्याच्या बाजारात गाद्या भरून देणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. यजमान गेल्यावर महिनाभर जो तो मला समजावूनच जात होता. शेवटी उठले आणि आमची गादी पिंजायला नेली. एका बाजूच्या खड्ड्यावरून हात फिरवत त्यानं विचारलं, "इथं कोन निजे, बाई?"

मी बोलू लागले, तसं त्यानं मशीन बंद केलं. हवेतला कापूस तरंगत तरंगत त्याच्या पापण्यांवर उतरत होता; तो झटकतही नव्हता. मधूनच फक्त "मंग?" म्हणे.

माझं सांगून संपलं, तेव्हा हळूच म्हणाला, "तुमची बाजू पिंजून देतो. हे बाजू मी उसवतच नाई."

आता मला झोप लागते. त्या खड्ड्यात.