मध्यस्थ कोण?

माझी आई विड्या वळायची. संगमनेरात आमच्या गल्लीत बहुतेक घरांत हेच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि संध्याकाळी कारखान्याच्या खिडकीवर रांग. त्या खिडकीच्या आत माझा थोरला मामा बसायचा. विड्या तपासून घेणं हे त्याचं काम. सैल वळलेली विडी तो बाजूला टाकायचा, तिला छाट म्हणत. छाटीची मजुरी मिळत नसे. सख्ख्या बहिणीची छाट तो जरा जास्तच काढायचा. घरचं माणूस म्हणून सोडलं असं कोणी म्हणायला नको. वडील मार्केट यार्डात हमाल. संध्याकाळी पाठ टेकायला भिंत मिळाली की त्यांना बास.

गरिबीबद्दल लोक फार प्रेमाने लिहितात. मला त्यात प्रेमाचं काही दिसलं नाही. कॉलेजात शेजारची मुलगी बाक बदलून बसली, कारण माझ्या वेणीला तंबाखूचा वास येत होता. ती खोटं बोलत नव्हती. वास येतच होता.

ते कॉलेजही मामाच्या मनाविरुद्धच. दहावी झाल्या झाल्या तो एक बिजवर घेऊन आला होता.

"कॉलेजात घालून काय मास्तरीण करायची का हिला? सूप धरू दे मांडीवर."

आई जन्मात एकदाच त्याला उलटून बोलली. "दादा, तिनं वळल्याली विडी तू छाटशीलच की. त्यापरीस शिकू दे तिला."

मी बी.कॉम. झाले. घराण्यात पहिली. गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि क्लासच्या सरांनी नुकतंच इंटरनेट घेतलं होतं. ते टेलिफोनच्या तारेवरून चालायचं. मागच्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलला की सगळं तुटायचं.

तोवर दोनतीन स्थळं येऊन गेली होती. एकाला मी जास्त शिकलेली वाटले. दुसऱ्याच्या आईने आमच्या घरात पाऊल टाकताच पदर नाकाला लावला. पोहे मात्र दोनदा घेतले. त्यानंतर मी ठरवलं, आता लपवाछपवी नाही. लग्नं जुळवणाऱ्या एका वेबसाइटवर मी माझी माहिती स्वतःच भरली. जातीचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाताच येईना. म्हणजे मशीनसुद्धा आपल्याकडचंच निघालं. घरच्या माहितीत मी सरळ लिहिलं, आई विड्या वळते, वडील हमाल आहेत.

बऱ्याच दिवसांनी एकाचं उत्तर आलं. राहुरीकडचा, पुण्यात नोकरीला. "माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आणखी काय विचारायचं असेल ते विचारा." मी पुष्कळ विचारलं. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. फोटो पाठवायची सोय दोघांकडेही नव्हती. त्यामुळे पहिल्या भेटीला संगमनेरच्या एसटी स्टँडवर तो आधी चुकून एका नर्सबाईंना जाऊन भेटला, मग माझ्यापुढे येऊन म्हणाला, "कॉम्प्युटरच्या मॅडम तुम्हीच का? आता न्हाई म्हणू नका, एक शिवी खाऊन आलोय."

तिसऱ्या भेटीत लग्नाचं मीच विचारलं. मी नोकरी सोडणार नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "घरी सांगतो." विचारतो म्हणाला नाही. मला तेवढं पुरलं.

त्याच्या घरून एकच प्रश्न आला. मध्यस्थ कोण? बैठक बसवायची तर दोन्हीकडचा शब्द धरणारं कोणीतरी मधे लागतं. उद्या काही वाकडं झालं तर धरायचं कोणाला? कॉम्प्युटरला? वडील मला न विचारता मामाकडे गेले. दुसरा शहाणा माणूस त्यांच्या ओळखीत नव्हता. मामा लगेच तयार झाला, पण मला बजावून गेला, "त्या मशीनचं नाव काढायचं न्हाई. स्थळ मी आणलं. लोक म्हणतील, पोरगी टीव्हीवर गिऱ्हाईक हुडकती."

गिऱ्हाईक. आईच्या समोर म्हणाला.

बैठक आमच्याच बाहेरच्या खोलीत झाली. समोर मुलगा, त्याचे वडील आणि चुलते. मी आणि आई दाराआड. मामा मधोमध मांडी घालून बसला आणि सुरू झाला.

"पोरीला शिकवली मीच. दाजींना म्हणलं, खर्चाचं बघू, पण शिकू द्या."

आईने माझं मनगट धरलं. मी मनात म्हटलं, खोटं तर खोटं, लग्न होऊ दे.

मग मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, "पाव्हणं, पोरगी नोकरी करती म्हणं. आमच्यात ते न्हाई चालायचं."

"सोडंल की!" मामा म्हणाला. "आजच सोडली म्हणा. माझा शब्द हाय."

आईचा हात झटकून मी बाहेर गेले. "मामा, हा शब्द तुझा नाही. हे स्थळही तुझं नाही. आम्ही इंटरनेटवर एकमेकांना शोधलंय आणि नोकरीचं आमचं तेव्हाच ठरलंय. यांना विचारा."

सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. तो चुलत्यांकडे बघत होता. ती शांतता किती लांबली ते मला सांगता येणार नाही, पण आज इतकी वर्षं संसार करूनही ती मी त्याला माफ केलेली नाही. शेवटी तो बोलला.

"खरंय. पहिल्यांदा मीच लिहिलं. नोकरी ती करणार."

चुलते म्हणाले, "मग आमाला कशाला आणलं? फराळाला?" कोणीतरी हसलं. त्याचे वडील म्हणाले, "पोरानं शब्द दिला ना? मग झालं. सुपारी फोडा."

मामा उठला. माझ्या वडिलांनी धावत जाऊन त्याला बसवलं आणि मध्यस्थाचा मान म्हणून टॉवेल-टोपी, नारळ दिला. मी एवढं बोलल्यावरही, माझ्या देखत दिला. टोपी त्याने लगेच घातली.

पुढच्या आठवड्यात आईची निम्मी विडी छाटीत गेली. असं कितीतरी दिवस चाललं. आई म्हणाली, "गप बसली आसतीस तर?" मी म्हटलं, "तर खुंटीला टांगली असती माझी डिग्री." ती म्हणाली, "व्हय, पण विड्या मला वळाव्या लागत्यात."

साखरपुड्याला मामा आला नाही. नातेवाइकांत आजही सांगतात, हिचं मामाने जमवलं. सांगू देत. साखरपुडा आमच्याच दारात झाला. माझं लग्न मी जमवलं आणि नोकरी सोडली नाही.