कानाच्या पाळीला दोन बोटं

भाजलेल्या वांग्याचं साल ओढलं, की अक्का उजव्या हाताची दोन बोटं कानाच्या पाळीला लावायच्या. क्षणभरच. पाळी थंड असते, तिथं चटका उतरतो. मग पुढचं वांगं. वांगं, कान, वांगं, कान. दिवसभर हे चालायचं आणि मी पलीकडे खुर्चीवर बसून फोनवर कुणाला तरी सांगत असायचे, की आमचा माल सगळा हातानं बनतो.

जळगावात एका बंद पडलेल्या डाळमिलच्या शेडमध्ये मी आणि माझ्या नवऱ्यानं भरिताचा धंदा काढला होता. पुण्यातली नोकरी सोडून आलेल्यांना असले धंदे सुचतात. जवळच्या असोद्याची वांगी, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचलेली, आणि पाकिटात बंद करून मोठ्या शहरांत पाठवलेली. आम्ही त्याला स्टार्टअप म्हणायचो. अक्का 'ताईनी चूल' म्हणायच्या, म्हणजे ताईची चूल.

अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. नवरा गेल्यावर जळगावला एका खोलीत एकट्या राहत होत्या. लेक तिकडेच धुळ्याजवळच्या खेड्यात दिलेली. वय विचारलं की हसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी भट्टीपाशी आमचा नवाकोरा स्टीलचा चिमटा पाहिला, उचलून बाजूला ठेवला आणि वांगं सरळ हातात घेतलं. किडकं वांगं त्यांना साल ओढतानाच कळायचं. आम्ही दोघं शिकलेली माणसं ते फोडून, उजेडात धरून बघायचो.

सगळ्यात नवल त्यांच्या नाकाचं. आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत त्या वांगं खात नसत. खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला, की मगच. आणि आमचा हंगाम तर दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायचा. म्हणजे महिनाभर ही बाई हातानं भरीत करणार, पण जिभेला लावणार नाही. चव कशी बघायची? त्या बडगीवर वाकायच्या, एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी शे." मी चमच्यानं खाऊन बघायचे. मीठ कमीच असायचं.

सुरुवातीला पाच बाया होत्या. एक कापूस वेचायला गेली ती परत आलीच नाही. एकीला दुसऱ्या एका डाळमिलमध्ये कायमचं काम मिळालं. एक बाळंतपणाला गेली. चौथीनं कारण सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही, कारण तिची पोळलेली बोटं मी पाहिली होती. उरल्या अक्का. मी दर सोमवारी म्हणायचे, "अक्का, पुढच्या आठवड्यात दोन बाया आणते बरं का."

"व्हई जाई, ताई," अक्का म्हणायच्या.

होऊन जाईल. काहीही सांगा, उत्तर हेच. वांग्यांचा टेम्पो उशिरा आला, व्हई जाई. मिरच्या निवडायला कुणी नाही, व्हई जाई. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांनी 'होईल' म्हटलं की आपण निर्धास्त होतो, आणि ते कोण करणार हे विचारायचं सोयीस्करपणे विसरतो. मी तर पाच बायांचं काम त्या दोन शब्दांवर टाकून मोकळी झाले होते.

हातमोज्यांचं आता सांगूनच टाकते. ते आम्ही आणले होते, चांगले जाड. अक्का म्हणाल्या, "हाई घालीसन हातले काही समजत नही." खरंच त्यांचा वेग निम्म्यावर यायचा. तरी माल घेणारे पाहुणे बघायला आले की मी त्यांना मोजे घालायला लावायचे. फोटो निघायचे. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की मीच म्हणायचे, "काढा आता ते अक्का, काम राहिलंय." हे वाक्य माझं आहे. त्यांच्या सवयीवर ढकलून मी बरेच दिवस सुखात होते.

दुसऱ्या हंगामात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अक्कांनी कानाला बोटं लावणं सोडलं होतं. वांग्यामागून वांगं, मध्ये थांबणं नाही. मी नवऱ्याला कौतुकानं म्हटलं, "बघ, आता हात कसा बसलाय."

त्याच सुमारास आम्ही हजेरीचं मशीन बसवलं. कामाला शिस्त दिसली पाहिजे, असं कुणीतरी आम्हाला सांगितलं होतं. माणसं तीन, त्यांतली दोन मालक, आणि भिंतीवर अंगठ्याचं मशीन. माझा अंगठा पटकन लागायचा. अक्का अंगठा ठेवायच्या, मशीन लाल व्हायचं. पदराला पुसून ठेवायच्या, पुन्हा लाल. नवऱ्यानं काच पुसली, मशीन उलटंसुलटं केलं आणि शेवटी म्हणाला, "बिघडलंय वाटतं." मी वही काढली आणि अक्कांना त्यात फुली मारायला सांगितली. मशीन दुरुस्तीला द्यायचं राहून गेलं.

मग एका सकाळी अक्का म्हणाल्या, "ताई, माले आर्धा दिन दे. राशनना दुकानवर जानं शे."

"का, काय झालं?"

"अंगठा लागत नही. मशीन म्हणस, हाई बाई ती नही शे." आणि हसल्या.

मीही हसले. त्या हसण्याची आता लाज वाटते. चंपाषष्ठी तोंडावर आलेली. त्या दिवशी ज्याला त्याला भरीत हवं असतं, शहरांतून मागणीवर मागणी येत होती. मी म्हटलं, "अक्का, एवढा आठवडा काढा. मग दोन दिवस घ्या."

"व्हई जाई," अक्का म्हणाल्या आणि भट्टीकडे गेल्या.

तो आठवडा संपला आणि दुसरा लागला. मी विसरले. अक्कांनी आठवण केली नाही.

एक दिवस दुपारी मी पाकिटांचे खोके शोधत शेडच्या मागच्या दाराशी गेले. अक्का पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. डबा शेजारी उघडा पडला होता, रिकामा. हातात पातेल्याचं झाकण होतं, झाकणावर भरीत होतं, आणि त्या ते खात होत्या. भाकरी नव्हती. नुसतं भरीत, बोटांनी, हळूहळू.

चंपाषष्ठीला अजून पाच दिवस होते.

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी मान वळवली. मी त्यांना इतकी ओशाळलेली कधीच पाहिली नव्हती. झाकण पदराआड घ्यायला गेल्या, मग राहू दिलं.

"घरमा दाना नही," त्या म्हणाल्या. "राशन भेटनं नही. इकतनं लेवाले जास, तं मी घर जास तवलोंग दुकान बंद, गिरणीबी बंद." मग मलाच धीर दिल्यासारखं म्हणाल्या, "देवले बठ्ठं समजस." देवाला सगळं समजतं.

म्हणजे पैसे हातात असून ही बाई पिठाला महाग झाली होती, कारण दुकान उघडं असेल अशा वेळेला मी तिला कधी सोडलंच नव्हतं. माझ्या चुलीपाशी बारा बारा तास बसलेल्या बाईची स्वतःची चूल पेटत नव्हती. मी काहीतरी पुटपुटले. शब्द आठवत नाहीत. रडू मात्र आलं, आणि अक्काच बाजूचा खोका माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "जाऊ दे वं, खोका लई जाय."

दुसऱ्या दिवशी मी पिठाचं पोतं घेऊन त्यांच्या दारात गेले. पोतं देणं फार सोपं असतं. तिथून त्यांना गाडीवर बसवून आधारसाठी बोटांचे ठसे नव्यानं घेतात त्या केंद्रावर नेलं. तिथल्या माणसानं दहाही बोटं एकेक करून काचेवर दाबली, ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा दाबली. मग अक्कांचा पंजा उलटा करून उजेडात धरला.

"बोटांवर रेघाच उरल्या नाहीत, मावशी. काय काम करता?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलते याची वाट पाहत होत्या बहुतेक. मी त्यांचं रेशनकार्ड काढून त्याच्यापुढे सरकवलं.

तो म्हणाला, हातांना काही महिने आराम द्या, रेघा परत येतात कधी कधी. तोवर डोळ्यांच्या स्कॅनवर किंवा मोबाईलवर येणाऱ्या नंबरवर काम भागवता येईल. खरंच भागलं. एका सकाळीत धान्य सुरू झालं. तेवढाच तर वेळ त्यांनी मागितला होता.

इथं गोष्ट थांबली असती तर ती सांगणं मला सोपं गेलं असतं. पण परत येताना, गाडी चालवत असताना, मागे न बघता मी विचारलं, "अक्का, चंपाषष्ठीपर्यंत थांबाल ना? एवढा माल निघू दे."



"व्हई जाई, ताई."

आणि त्यांनी ते केलं. चार दिवस, मोजे न घालता. चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा खोका बंद झाला. बडगी धुऊन पालथी घातली आणि त्या म्हणाल्या, लेकीकडे जाते. नैवेद्य यंदा तिकडेच.

त्या गेल्यावर आठ दिवसांत मला चार बाया मिळाल्या. फोनवर एक जाहिरात टाकली, शेजारच्या वस्तीत दोनदा फिरले, बस. आता चिमटे आहेत, मोजे आहेत, आणि प्रत्येकीला आठवड्याची सुट्टी आहे. माल कमी निघतो. धंदा बुडालेला नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खाते.

मागच्या महिन्यात धुळ्याला गेले होते, तेव्हा अक्कांच्या लेकीच्या घरी गेले. अक्का ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मला पाहून उठल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला. बोटं खडबडीत लागली. माफी मागायचं घरूनच ठरवून आले होते, वाक्यंही जुळवली होती. त्याआधी त्यांनीच विचारलं, "आते किती बाया शेतस तुनाकडे?"

"चार."

त्यांचा चेहरा खुलला. "चांगलं व्हयनं. ते एकलीनं काम नव्हतंच."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. जुळवलेली वाक्यं सोडून मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले. लेकीनं स्टीलच्या पेल्यांतून उकळता चहा आणला. अक्कांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि निवांत बसल्या. मी माझा उचलला आणि लगेच खाली टेकवला. चहा सांडला. काही कळायच्या आत माझी दोन बोटं कानाच्या पाळीला गेली होती.

अक्का बघत होत्या.

"चटका बसना?"

मी मान हलवली.

"चांगलं शे," त्या म्हणाल्या. "तुले आजून समजस."

आणि हातातल्या पेल्यावर फुंकर घालून त्यांनी तो माझ्यापुढे धरला.