लेनिहन भावंडांची भिंत

बॅलीनमाराच्या बंदर-रस्त्यावरची घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. गावाच्या माहितीपत्रकावर मात्र वर्षानुवर्षं एकाच घराचा फोटो असायचा. अर्धं घर निळं, अर्धं पिवळं, मधोमध ओळंबा लावल्यासारखी सरळ रेघ. फोटोखाली ओळ असायची : 'बॅलीनमारा, जिथे रंग एकोप्यानं नांदतात.'

निळ्या अर्ध्यात अट्रॅक्टा लेनिहन राहायची आणि पिवळ्या अर्ध्यात तिचा धाकटा भाऊ फिंटन. दोघांच्या अबोल्याला एक तप उलटून गेलं होतं.

अट्रॅक्टाने उभी हयात गावची लाँड्री चालवली. हॉटेलाच्या चादरी, पाद्रीबाबांचे झगे, कोळ्यांचे लोकरी स्वेटर, सगळं तिच्या हातून गेलं. कुणाच्या उशीवर कुणाची लिपस्टिक लागते हे तिला ठाऊक होतं, पण ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. लग्न झालं नाही. ज्याच्याशी व्हायचं तो बोस्टनला गेला आणि नाताळला कार्डं पाठवत राहिला; आधी एकट्याच्या सहीची, मग दोघांच्या. फिंटन ग्रंथालयाची गाडी घेऊन खेड्यापाड्यांत पुस्तकं वाटत फिरायचा. त्याचंही लग्न राहून गेलं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

आई होती तोवर घराला चुना लागायचा. दगडी भिंती, मातीचा सांधा, दोन हात जाड. आई दर दोन वर्षांनी मे महिन्यात बादलीत चुना कालवायची, ताकासारखा पातळ, आणि डोक्याला फडकं बांधून भिंतीला फासायची. म्हणायची, "दगडाला श्वास लागतो गं. त्याचं तोंड दाबलं की तो आतून रडतो." आई गेली, घर दोघांत वाटलं गेलं आणि अट्रॅक्टा चर्चच्या बायकांबरोबर लूर्दच्या यात्रेला गेली.

परत आली ती पवित्र पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. बसमधून उतरली आणि बघते तर अर्धं घर मोहरीसारखं पिवळंधमक. फिंटन शिडीवर उभा राहून शेवटचा हात मारत होता.

"पंधरा वर्षं बघायला नको आता," तो वरून अभिमानाने म्हणाला. "नवीन रंग आहे. पाण्याचा थेंब आत जाणार नाही."

"आणि आतला बाहेर?" तिने विचारलं.

"आतला कुठला?"

एवढंच. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

खरं तर अट्रॅक्टाची बाजू शंभर टक्के बरोबर होती, आणि तिथेच थांबली असती तर बरोबरच राहिली असती. पण त्या पिवळ्याशेजारी तिचा चुना आजारी माणसासारखा दिसायला लागला. येणारे-जाणारे फिंटनच्या दाराशी थांबून "वा!" म्हणायचे, आणि तिच्या दाराशी आले की झपाझप पावलं उचलायचे. पुढच्याच उन्हाळ्यात ती बार्टली क्रीनच्या दुकानात गेली.

"तोच रंग दे," ती म्हणाली.

"पिवळा?" बार्टलीने जपून विचारलं.

"मी पिवळा म्हटलं? त्याच जातीचा रंग दे, आणि पिवळ्याला सर्वांत जास्त झोंबेल तो निळा दे."

बार्टलीने दिला. तेव्हापासून दोघांचा सगळा संवाद बार्टलीच्या काउंटरवरून चालायचा. फिंटनने एका वर्षी पिवळा आणखी गडद केला, तर अट्रॅक्टाने निळा गडद केला. त्याने खिडक्यांच्या चौकटी लाल केल्या, तर तिने दार लाल करून टाकलं. बार्टली दोघांनाही डबे विकायचा आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचा नाही. पाद्रीबाबांनंतर गावात एवढी गुपितं त्याच्याकडेच होती. पर्यटक यायचे, रेघेवर उभं राहून फोटो काढायचे. एकदा एक जर्मन जोडपं अट्रॅक्टाला म्हणालं, "हे रंग एकमेकांशी किती छान बोलतात!" तिने त्यांच्या तोंडावर दार लावलं.

भिंत मात्र आतून रडत होती. अट्रॅक्टाच्या निजायच्या खोलीत आधी वास आला, मग काळे ठिपके आले, मग भिंतीला चिकटवलेला फुलाफुलांचा कागद सुटून पलंगावर वाकला. बाहेर निळ्या रंगाला फोड आले होते. एके सकाळी तिने डोक्यातली पिन काढून एक फोड टोचला. आतून पाण्याची धार लागली आणि थेट तिच्या चपलेत गेली. बारा-तेरा वर्षं आपण शत्रूवर उगारलेली काठी आपल्याच पाठीत पडत होती, हे कळायला एवढी चप्पल भिजावी लागली.

सगळा रंग खरवडून भिंत उघडी करायची आणि पुन्हा चुना लावायचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अडचण अशी की भिंत एकच होती. रंगाला रेघ होती, ओलीला नव्हती. अर्धी भिंत वाळवून काही उपयोग नाही. तिने बार्टलीकरवी निरोप धाडला.

बार्टली टोपी चुरगाळत परत आला. "तो म्हणतो, भिंत माझी, ओल माझी."

"म्हणजे ओल आहे!"

"ते त्याच्या तोंडून निसटलं असावं."

फिंटनची स्थिती वेगळी नव्हतीच. त्यातून त्याच्या खुब्याचा सांधा बदललेला, शिडी चढायची बंदी. त्याच्या पिवळ्याचे पापुद्रे केळ्याच्या सालीसारखे लोंबत होते. तरी माणूस हटेना. शेवटी भिंतीनेच निकाल लावला. 'सुंदर गाव' स्पर्धेचे परीक्षक यायच्या आठवड्यात, समितीचे अध्यक्ष युजीन हर्ली फिंटनच्या दाराबाहेर फुलांची कुंडी मांडत होते. ते वाकले आणि मागे सरकले, एवढ्यात परातीएवढा पिवळा पोपडा गिलाव्यासकट सुटून कुंडीत पडला. जिरेनियमचा चेंदामेंदा झाला. हर्लीसाहेबांच्या कोटावर माती उडाली. गावाने त्या वर्षीचं बक्षीस गमावलं आणि अट्रॅक्टाने दुसऱ्या दिवशी खरवडणी विकत घेतली.

तिने आपल्या बाजूने सुरुवात केली. वाफेचं यंत्र बार्टलीने भाड्याने दिलं. वाफ दिली की रंग मऊ पडायचा, मग खरवडणीखाली लांबच्या लांब चामड्यासारखा निघायचा. निळा संपला. रेघ आली. अट्रॅक्टाने शिडी उचलली, हातभर पुढे ठेवली आणि पिवळ्याला खरवडणी लावली.

फिंटनचं दार धाडकन उघडलं.

"ए! रेघ दिसत नाही का?"

बारा-तेरा वर्षांतलं ते पहिलं वाक्य. अट्रॅक्टाने मागे वळूनही पाहिलं नाही.

"वय झालं. डोळे गेलेत माझे."

"ही माझी मालमत्ता आहे!"

"मग खाली उभा राहून तिचे तुकडे गोळा कर. वाटेत पडलेत."

तो आत गेला. तिला वाटलं, आता पोलिसाला बोलावतो. तो स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आला, फुटपाथवर मांडली, काठी गुडघ्यांत धरून बसला आणि वर बघू लागला.

"वरून खाली ये," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तू खालून वर चाललीयेस. सगळं पाणी धुतलेल्यावर येतंय."

"तुला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. सांगतोय."

तिने शिडीवरून फडकं पिळलं. बरोबर त्याच्या डोक्यावर. पण दुसऱ्या दिवशी तिने वरून सुरुवात केली.

मग तो रोज बसायला लागला. शिडी वाकडी आहे, खरवडणी बोथट आहे, हात जड आहे, बोलणं थांबेना. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या फोडातल्या पाण्यासारखं बाहेर येत होतं. आईच्या अंत्यविधीला कोण उशिरा आलं होतं, पियानो कुणी विकला, मांजर कुणाचं होतं. अट्रॅक्टा वरून उत्तरं द्यायची. भांडण ऐकायला समोरच्या बेकरीत गर्दी होऊ लागली. अकराच्या सुमारास ती खाली उतरायची, तो थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायचा, दोघं न बोलता प्यायची, आणि कप खाली ठेवला की पुन्हा सुरू.

उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली. वाळायला वेळ लागतो. करड्या दगडांचं ते नागडं घर रंगीत रस्त्यात दात पडल्यासारखं दिसायचं. समितीने दोनदा विचारणा केली. दोन्ही वेळा दोघांनी वेगवेगळ्या खिडक्यांतून एकच उत्तर दिलं : "वाळतेय."

आता रंग. चुन्यात मातीचे रंग मिसळता येतात, म्हणून ती दोघं बार्टलीच्या दुकानात गेली. एकत्र नाही, मध्ये दहा पावलं ठेवून.

"निळा," अट्रॅक्टा म्हणाली.

"पिवळा," फिंटन म्हणाला.

"दोन्ही मिसळून हिरवा देऊ का?" बार्टलीने विचारलं. दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागच्या खोलीत काहीतरी शोधायला गेला.

"पांढरा ठेवू," ती म्हणाली.

"म्हणजे तू जिंकलीस. नको."

"मग तुला सर्वांत नावडता रंग कोणता?"

फिंटनने विचार केला. "गुलाबी."

"मलाही डोळ्यांपुढे नको असतो."

दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे सरळ बघत उभी राहिली. बार्टली बाहेर आला तेव्हा सौदा ठरलेला होता. कुणाचाच विजय होऊ नये एवढ्यासाठी दोघांनाही न आवडणारा रंग.

बादलीत तो रास्पबेरीच्या मुरंब्यासारखा दिसत होता. सप्टेंबरातल्या एका ढगाळ आठवड्यात, ऊन नाही आणि पाऊसही नाही असं बघून, अट्रॅक्टाने डोळ्यांना चष्मा लावला, भिंत पाण्याने ओली केली आणि पातळ हात मारायला घेतला. एक हात, वाळू द्यायचा, दुसरा, तिसरा. फिंटन खालून बादली ढवळत होता. "तळाशी बसतंय," तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा.

चुना वाळला की फिका पडतो हे दोघांनाही माहीत होतं. किती फिका, ते मात्र आठवड्याने कळलं.

"उकडलेलं हॅम," भिंतीच्या मांसल, फिक्या गुलाबीकडे बघत फिंटन म्हणाला.

"मूग गिळून बस."

"नाताळचं. दुसऱ्या दिवशीचं."

त्याच संध्याकाळी युजीन हर्ली आले. हातात जुनं माहितीपत्रक. चेहरा सुतकी.

"लोक रेघ बघायला यायचे हो," ते म्हणाले. "कोपनहेगनहून यायचे! तुम्ही अख्ख्या गावाला चुना लावलात. निदान एवढंसं करा. मध्ये एक पट्टी तरी ओढा. अर्धा भाग जरा निळसर..."

"कुठला अर्धा?" फिंटनने विचारलं.

"तुमच्यात ठरवा ना. समिती माणूस पाठवेल."

"माझ्या भावाच्या भिंतीला समितीचा माणूस हात लावणार?" अट्रॅक्टा म्हणाली.

"आणि माझ्या बहिणीने जीव तोडून लावलेल्या रंगावर?" फिंटनने काठी आपटली. "हर्ली, तू शाळेत पाटीदेखील सरळ पुसत नव्हतास."

"मला वाटलं, तुम्हाला हा रंग..."

"सुंदर आहे!" दोघं एकदम ओरडली.

हर्लीसाहेब गेले. माहितीपत्रकावर आता दीपस्तंभाचा फोटो असतो, आणि दीपस्तंभ पुढच्या गावच्या हद्दीत आहे.

दोन दारं अजून दोनच आहेत. रविवारी अट्रॅक्टा मधल्या भिंतीवर पळीने ठोकते आणि फिंटन जेवायला येतो, बटाटे कच्चे आहेत असं सांगतो आणि तीनदा वाढून घेतो. तिच्या खोलीतला वास गेला.

त्या ऑक्टोबरात पहिला मोठा पाऊस समुद्रावरून आला तेव्हा ती बेकरीतून परतत होती. घरासमोर फिंटन छत्री न उघडता उभा होता, काठीवर रेलून, वर बघत. तिनेही पाहिलं. ओला झालेला चुना गडद झाला होता. हॅम कुठच्या कुठे गेलं होतं. वरपासून खालपर्यंत भिंत रास्पबेरीसारखी लाल-गुलाबी, आतून दिवा लावल्यासारखी. शेजारची सगळी रंगीत घरं तिच्यापुढे पत्र्याची वाटत होती. आणि बॅलीनमारात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, आठवड्यातले पाच दिवस तरी, पाऊसच असतो. कोरड्या हवेत फोटो काढायला येणाऱ्यांना हे कधी दिसणार नव्हतं.

"बरा आहे," फिंटन म्हणाला.

"भिजतोयस."

"तूपण."

दोघंही हलली नाहीत. पाव कागदी पिशवीत भिजून, फुगून तिच्या हातात लगदा होऊ लागला, तरी ती तशीच उभी होती.